विहारातली खुर्ची

अमरावतीच्या दवाखान्यासमोर आम्ही ऑटोतून उतरलो, तसा तिथला वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन लगबगीने आला आणि ती त्याने थेट माझ्या सासूपुढे लावली. "बसा आजी, सावकाश बसा," असं म्हणत त्याने त्यांचा दंडही धरला. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूने, दंड सोडवून घेतला आणि त्याला नखशिखांत न्याहाळलं. "मी कायची पेशंट? मायी सून हाये पेशंट," त्या म्हणाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या ऑफिसच्या पर्सकडे पाहिलं, आणि त्याला काही ते पटलं नाही. आत नंबर लावणाऱ्या बाईंनीही आत्याबाईंचंच वय विचारून लिहिलं. एक्स-रेवाल्याने तर त्यांना आत बोलावून टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. तिसऱ्या वेळी मात्र आत्याबाईंचा पारा चढला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी माझा आजार जाहीर केला.

चाळिशी पूर्ण व्हायला मला अजून काही महिने होते. त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय सगळे पांढऱ्या केसांचे होते. शेजारच्या एका आजोबांनी "कोनाले घेऊन आल्या बाई?" असं विचारलं. मीच आहे म्हटल्यावर त्यांना एवढं वाईट वाटलं की त्यांनी पिशवीतून संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलं. मला कुणी कीव केलेली आवडत नाही, पण संत्रं गोड होतं, म्हणून खाल्लं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्यात फिरतो, तो एका बाजूने चपटा झाला होता. त्याला रक्त पोचणंच थांबलं होतं. कोरोनाच्या वेळी मी बरेच दिवस ऑक्सिजनवर होते. तेव्हा जी औषधं जीव वाचवायला द्यावी लागली, त्यांचाच हा उशिराने झालेला परिणाम असावा, असं ते म्हणाले. दीड वर्ष मी ज्याला कंबरदुखी म्हणून तेल चोळत होते, ती कंबर नव्हतीच. खुबा बदलावा लागेल, त्याला दुसरा इलाज नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

लोक म्हणे अशा वेळी विचारतात, किती दिवस लागतील, किती दुखेल, धोका किती. मी विचारलं, "मांडी घालता येईल का?"

डॉक्टर अमरावतीकडचेच होते. त्यांनी फिल्म खाली ठेवली. "नाही ताई. मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, जमिनीवर बसणंच नाही. काही डॉक्टर परवानगी देतात, मी देत नाही. तुमचं वय पाहा ना. म्हाताऱ्या माणसाले दहा-पंधरा वर्षं पुरला तरी चालते, तुमाले हा खुबा लय वर्षं वापराचा हाये."

मला तेव्हा त्यांचा रागच आला. माझी मांडी म्हणजे नुसती बसायची सवय नव्हती.

आमची अकोल्याची वस्ती बौद्धांची. घरापासून चार घरं सोडून विहार आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी तिथे ग्रंथाचं वाचन होतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, अंघोळ करून भांग पाडलेली पोरं, ड्युटीवरून आलेली माणसं, सगळे सतरंजीवर बसतात. बुद्धमूर्तीसमोर चौरंगावर ग्रंथ असतो आणि चौरंगापुढे वाचणारा मांडी घालून बसतो. माझे सासरे वाचायचे. त्यांची नजर कमी झाली तेव्हा लग्न होऊन आलेल्या मला त्यांनी समोर बसवलं आणि "आजपासून तू" एवढंच म्हणाले. ऑफिसात मी दिवसभर फायली हलवते, घरी भाकरी थापते. ही दोन्ही कामं दुसरं कुणीही करू शकेल. वाचन मात्र माझं होतं. त्या तासाभरात वस्ती माझं ऐकते आणि मला ते मनापासून आवडतं, हे सांगायला मी कशाला लाजू?

म्हणून मी ठरवलं की ऑपरेशन उन्हाळ्याआधी उरकायचं, आषाढीपर्यंत पायावर उभं राहायचं, आणि मांडीचं काय ते मी आणि माझा नवा खुबा पाहून घेऊ. डॉक्टरांना प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे असं कुठे असतं.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं अंग बधिर होतं, पण कान शाबूत होते. पडद्यापलीकडे ठोकाठोक, करवतीचा आवाज, मधूनच "थोडं अजून" वगैरे चाललेलं. सुताराकडे पलंग दुरुस्तीला टाकलाय आणि आपण बाहेर बसलोय, असं काहीतरी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन मला उभं केलं. टाक्यांची जागा ठणकत होती, पण ती आतली, हाडातली कळ नव्हती. दीड वर्ष जी माझ्याबरोबर उठत-बसत होती, ती गेलेली होती. मी तिथेच वॉकर धरून रडले. नवऱ्याला वाटलं, दुखतंय. तो नर्सला हाका मारायला लागला. त्याला म्हटलं, अरे दुखत नाहीये म्हणून रडतेय.

घरी येताना गाडीची पुढची सीट पार मागे ढकलून, खाली दोन उशा घालून, मला महाराणीसारखं बसवलं होतं. मूर्तिजापूरला सगळे चहाला उतरले. मला उतरवणं म्हणजे मोठाच सोहळा झाला असता, म्हणून आत्याबाई खिडकीतून चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देऊन त्या बाहेर उन्हात तशाच उभ्या राहिल्या. "हॉटेलात बसा ना जाऊन," म्हटलं, तर म्हणाल्या, "उभीच बरी हावो मी." मी म्हटलं राहू दे, सासूशी वाद घालण्याइतका जोर अजून अंगात आला नव्हता.

घरात माझ्यासाठी सगळं उंच करून ठेवलं होतं. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे, संडासात उंच कमोड, आणि बसायला एक दणकट हातांची खुर्ची, तिच्याही पायांखाली ठोकळे. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही. अकोल्याचा उन्हाळा, कूलरचं भुरभुरं पाणी आणि मी. ऑफिसची रजा होती, भाकरी आत्याबाई थापत होत्या, ओट्याशी उभ्या राहून. मी खुर्चीत बसून कांदे चिरायची आणि सूचना द्यायची. "खुबा बदलला, तोंड तेच ठेवलं वाटते डाक्टरनं," आत्याबाई म्हणाल्या. माझ्या माहेरचे लोक भेटायला आले की तेच वाक्य त्या पुन्हा ऐकवायच्या आणि सगळे हसायचे. खरं सांगायचं तर मी तेवढी सुखात कितीतरी वर्षांत नव्हते.

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी अंगणात चालायचो. मी वॉकर घेऊन पुढे, आत्याबाई भिंतीला हात लावत मागे. वॉकर सुटला, काठी आली. काठी पण एक दिवस दाराशी विसरून मी पार नळापर्यंत गेले आणि मग लक्षात आलं. त्या दिवशी आत्याबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

मग मला घाई झाली. एका दुपारी घरात सामसूम पाहून मी पलंगावर बसले आणि ऑपरेशनचा पाय हळूच आत ओढायला लागले. गुडघा वळला, पाऊल जवळ आलं. अजून थोडं, अजून थोडं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय करून राहिली व?"

मी पाय सोडून दिला. "काही नाही, व्यायाम."

"मले शिकवतं? मांडी घालून राहिली तू." आत्याबाई आत आल्या. त्या चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली उतरतो. "सटकलं म्हंजे? पुना अमरावती? पुना थे ठोकाठोक? मायाच्यानं नाई होनार पुना."

त्यांचे डोळे भरलेले होते. ऑपरेशनच्या दिवशी त्या बाहेर कशा बसल्या असतील, याचा मी तोवर विचारच केला नव्हता. मांडीचा नाद मी त्या दुपारी सोडला. मात्र त्याबरोबर वाचनही सोडलं. आषाढी जवळ आली तशी मी घरात सांगून टाकलं की यंदापासून मी वाचणार नाही.

विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष घरी आले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. "खुर्ची टाकू ना बाई," ते सहज म्हणाले. मी नाही म्हटलं. आमच्या विहारात खुर्ची येते ती बाहेरून पाहुणा भाषणाला आला तर, आणि ती पण बाहेरच्या मंडपात. आत मूर्तीसमोर सगळे जमिनीवर. साहेब असो की हमाल, सतरंजी एकच. तीच तर त्या जागेची शान होती. तिथे सगळी वस्ती खाली, ग्रंथ खाली, आणि मी तेवढी वर चढून बसलेली. कल्पनेनेच मला कसंतरी व्हायचं. काकांनी हात टेकले आणि वाचनाचं काम माझ्या नवऱ्याकडे गेलं.

माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माणूस सज्जन आहे, पण वीस वर्षं त्याने शुद्धलेखन घातलेलं आहे. विहाराच्या भोंग्यातून त्याचं वाचन घरी ऐकू यायचं. तो एक वाक्य वाचायचा, थांबायचा, तेच वाक्य पुन्हा वाचायचा. परिच्छेद संपला की "समजलं?" विचारायचा. एकदा तर "मागे कोण बोलतंय" असंही भोंग्यातून ऐकू आलं. आत्याबाई आणि मी अंगणात बसून ऐकत होतो. मी हसू दाबत होते, आत्याबाई नव्हत्या दाबत.

"हा वाचून राहिला का हजेरी घेऊन राहिला?" त्या म्हणाल्या. "जाय ना व तू. खुर्ची घेऊन जाय."

"आत्याबाई, मूर्तीसमोर खुर्चीवर?"

"मूर्ती का मोजून राहिली, कोन कितक्या उंचीवर बसलं थे?"

मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे जाता. सासरे गेल्यानंतरही एकही वर्ष न चुकवता पुढच्या रांगेत बसणाऱ्या आत्याबाई अलीकडे विहारात येतच नव्हत्या. भोंग्यातून सारं ऐकू येतं, घर कोण सांभाळणार, असं काहीबाही सांगायच्या. माझं वाचन त्यांना आता आवडत नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली होती आणि तिचं मला वाईट वाटायचं. त्या उठून आत गेल्या.

पण भोंग्यातलं "समजलं?" मला पुढचे काही दिवस झोपू देईना. ज्या ओळी माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी शिकले, त्या अशा फोडून वाचलेल्या मला ऐकवत नव्हत्या. शेवटी एका संध्याकाळी पांढरी साडी नेसले आणि नवऱ्याला म्हटलं, खुर्ची उचल. तो इतका खूष झाला की ठोकळे घ्यायचे विसरला आणि अर्ध्यातून परत धावत आला.

विहारात शिरताना मी पदर दोनदा सारखा केला. काकांनी लगेच चौरंगाच्या जागी टेबल लावलं, त्यावर ग्रंथ. मी बसले. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, निदान कुजबुजेल, म्हणून मी वाट पाहत थांबले. एका बाळाने जांभई दिली, दुसरं काही झालं नाही. मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर आवाज कापला, दुसऱ्यावर लागला.

जमिनीवर बसून वाचताना मला फक्त पहिली रांग दिसायची. खुर्चीवरून सगळं विहार दिसत होतं. पान उलटताना मी नजर फिरवली. पोरं होती, माझ्या वयाच्या बाया होत्या, नोकरीवाली माणसं होती. म्हातारं माणूस मात्र एकही नव्हतं. ज्यांनी डोक्यावरून विटा वाहून हे विहार उभं केलं, त्या बाया नव्हत्या. वाचन संपल्यावर काकांना विचारलं, तर म्हणाले, "घरीच राहतात आता. वय झालं ना." ते स्वतःही वाचनभर दाराशी उभे होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी वाचन सुरू असताना मागच्या गल्लीतली एक बुढी दारात आली. तिच्या हातात घरची प्लास्टिकची खुर्ची होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी वाचता वाचता मान हलवली. भिंतीला खुर्ची टेकवून ती बसली आणि पदर नीट केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी अजून दोघी आल्या, एक जण नातीच्या डोक्यावर खुर्ची देऊन. काकांनी शाळेतून बाक मागवला आणि पहिले स्वतःच त्यावर बसले. आठवडाभरात मागच्या भिंतीला ओळ लागली. एखादं पद त्यांच्यातल्या कुणाला पाठ असलं की त्या माझ्याबरोबर मोठ्याने म्हणायच्या, माझ्या थोडं पुढेच. मला अडखळायला व्हायचं आणि आनंदही व्हायचा.

आत्याबाई आल्या त्या दिवशी पाऊस उघडला होता. त्या मला न सांगता आल्या. मी मान वर केली तर भिंतीकडच्या ओळीत, अगदी टोकाला, पांढऱ्या साडीत त्या बसलेल्या. मला पुढची ओळ दिसेना. मी पाणी प्यायल्यासारखं केलं आणि मग पुढे वाचलं. शेवटच्या गाथेला सगळे उभे राहतात. आत्याबाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले आणि उठल्या, कुणी जवळ जायच्या आत. हात जोडून उभ्या राहिल्या.

घरी येताना रस्ता चिखलाचा होता, म्हणून आम्ही हळू चाललो होतो. नवरा खुर्च्या घेऊन पुढे निघून गेला होता. मी त्यांना विचारलं, "आवडलं का आज?"

"वाचतं तं चांगलीच तू. आमच्या बुढ्यासारखी." चार पावलं गेल्यावर त्या आपणहून बोलल्या, "एकडाव उशीर झाला तं मी पार मागं बसली होती, गाथेच्या टाइमले मले उठताच नाई आलं. गुडघे धरले. सारे उभे आन मी खाली. दोघी जनीनं काखेत हात घालून उचललं मले, पोट्टे पाहून राहिले होते. तवापासून येनं सोडलं मी."

मी जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं एका घरात, एका चुलीवर. "मले सांगतलं कावून नाही आत्याबाई?"

त्यांनी माझा हात धरला आणि पुढच्या डबक्याला वळसा घालून नेलं.

"तुले काय सांगू व," त्या म्हणाल्या. "तवा तुले मांडी घालता येत होती."